खाडीच्या अलीकडे

कचेरीत येताना त्या बाई चपला दाराबाहेर काढायच्या. पोलीस कचेरीत तसं कुणीच करत नसे. मग पदराखालून पासपोर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "भाऊ, मी हयचीच." म्हणजे इथलीच.

परदेशी लोकांची नोंद ठेवण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. रत्नागिरीत परदेशी म्हणून येऊन येऊन येणार कोण? तर या बाई, इथल्याच राजिवडा मोहल्ल्यात जन्मलेल्या. फाळणीच्या आधी लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर कराचीला गेल्या. तो तिथे गोदीत कामाला होता. पुढे मध्ये सरहद्द आली. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, आणि इकडे म्हाताऱ्या बापाचे डोळे गेले. म्हणून त्या परत आल्या, पण तिकडचा पासपोर्ट घेऊन. मोहल्ल्यात त्यांना 'कराचीवाली' म्हणत. ते त्यांना लागायचं.

व्हिसावर फक्त रत्नागिरी शहर लिहिलेलं होतं. रेशनकार्डावर नाव चढणार नाही, मुदत संपायच्या आत अर्ज करायचा, शहराची हद्द ओलांडायची नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ओहोटीला खाडीत तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचायला उतरलं, तर कुठपर्यंतचं पाणी रत्नागिरीचं? आमचे साहेब हसले. मग विचारात पडले. शेवटी म्हणाले, गुडघाभर पाण्यापर्यंत जा. त्या खरोखरच गुडघ्यापुढे कधी गेल्या नाहीत.

खाडीपलीकडे भाट्याला त्यांची धाकटी बहीण दिलेली होती. ह्यांच्या दारातून तिच्या वाडीचे माड दिसत. ती तरीच्या होडीतून इकडे यायची; ह्यांना तिकडे जाता येत नसे.

एका पावसाळ्यानंतर बहीण बाळंत झाली, मूल गेलं आणि तिला ताप भरला. तरीवाल्याने निरोप आणला तशा बाई कचेरीत धावत आल्या. त्या दिवशी चपला काढायच्या राहून गेल्या. मी अर्ज लिहून दिला. साहेबांनी सांगितलं, कागद मुंबईला जाईल, उत्तर यायला वेळ लागेल.

"तोवर ती थांबंल काय, भाऊ?" त्यांनी मला विचारलं. मी अर्ज त्याच दिवशीच्या टपालात घातला. त्या निघून गेल्या.

पुढे तीनचार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. डोळे सुजलेले. साहेबांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, मी भाट्याला गेले होते. साहेब माणूस चांगला होता. कुणाची तक्रार आलेली नाही, तुम्ही गेलाच नव्हतात असं मी धरतो, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"बहीण माझ्या मांडीवर गेली, साहेब. मी तिथं नव्हते म्हटलं, तर ती एकटीच गेली असं होईल."

खोलीत चार माणसं ऐकत होती. साहेबांना ते लिहून घ्यावं लागलं. वरून हुकूम आला: व्हिसाला मुदतवाढ नाही, परत पाठवा. बापाच्या आंधळेपणाचा दाखला जोडून मी दोन अर्ज केले. दोन्हींचं उत्तर तेच आलं.

मुंबईच्या बोटीच्या दिवशी त्यांना बंदरावर पोचवायला मलाच पाठवलं. त्या आदल्या दिवसापासून बापाला चुलीपासून मोरीपर्यंत भिंत धरून चालायला शिकवत होत्या, असं शेजारीण म्हणाली. बंदरावर बापही बरोबर आला होता. त्यांनी म्हाताऱ्याचा हात माझ्या हातात दिला आणि त्या बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात उतरल्या. पडाव बोटीला लागला. बोट सुटली.

म्हाताऱ्याने विचारलं, बोट कुठल्या अंगाला आहे? मी त्याचे खांदे धरून त्याला वळवलं. तो हात वर करून हलवू लागला.

"दिसते काय रे?"

बोट दीपगृहाच्या डोंगराआड गेली होती.

"दिसते," मी म्हटलं. त्याचा हात दुखून खाली येईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.