अभ्यास साहाय्य केंद्राची साठ पत्रं

नोकरीतल्या चुकांचा विषय निघालाच आहे, तर माझीही ऐकून घ्या. तुम्ही सगळ्यांनी आत्तापर्यंत सांगितलेल्या चुका एका पारड्यात टाकल्या, तरी माझ्या एका चुकीच्या पासंगाला पुरायच्या नाहीत. हसायचं तर खुशाल हसा. मला अजून जमलेलं नाही.

हडपसरच्या पुढे एका कॉलेजात मी ग्रंथालय सहायक होतो. मूळचा अकोल्याचा, एम. ए. मराठी, वर ग्रंथालयशास्त्राची पदवी. तेव्हा पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी सॉफ्टवेअर होतं. चौकाचौकात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, दर तिसऱ्या घरातला मुलगा अमेरिकेला चालला होता. आपण मागे राहतो की काय, या धास्तीनं मीही सहा महिन्यांचा कोर्स केला आणि सर्टिफिकेट फ्रेम करून खोलीत लावलं. घरमालक एकदा बराच वेळ ते बघत उभे होते. मग म्हणाले, "खिळा मारण्यापूर्वी विचारायला हवं होतं."

त्याच वर्षी प्राचार्यांनी ग्रंथालयात 'अभ्यास साहाय्य केंद्र' काढलं. म्हणजे काय, तर एक टेबल, दोन बाकं, एक कॉम्प्युटर आणि केंद्रप्रमुख म्हणून मी. नापास झालेल्या मुलांनी यायचं, जुन्या प्रश्नपत्रिका घ्यायच्या, कुठलं पुस्तक वाचायचं ते विचारायचं, अडलं तर आम्ही कुणाशी तरी गाठ घालून द्यायची. कल्पना चांगलीच होती. पण टेबल ठेवलं होतं वाचनकक्षाच्या दारात. तिथे जो बसेल तो नापास, हे अख्ख्या कॉलेजला दिसणार. कोण बसेल? चार महिन्यांत एक मुलगा आला, तो झेरॉक्सचं दुकान कुठे आहे ते विचारायला.

मुलं येत नाहीत, तर पालकांना कळवा, असं प्राचार्य म्हणाले. दोन पत्रं ठरली. एक, दोन विषयांत नापास झालेल्या तीस मुलांच्या घरी: आपल्या पाल्याला मदतीची गरज आहे, त्याला केंद्रात पाठवा. दुसरं, सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्या तीस मुलांच्या घरी: अभिनंदन, ग्रंथालयातर्फे सत्कार करू, तारीख मागाहून कळवू.

कोर्सचं सार्थक करायची हीच वेळ. एक पत्र टाइप करायचं, नावांची यादी वेगळी करायची, कॉम्प्युटर दोन्ही जोडून देतो. आमच्या ग्रंथपाल आगाशे बाई जाता जाता म्हणाल्या की पाकिटं बंद करण्यापूर्वी दोन-चार पत्रं डोळ्यांखालून घाला. मी त्यांना समजावलं की बाई, हे यंत्र आहे, माणूस नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्या गेल्या.

काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. यंत्रानं बिचाऱ्यानं सांगितलं तेच केलं. मीच हुशारांची यादी नापासांच्या पत्राला जोडली आणि नापासांची हुशारांच्या. साठच्या साठ पत्रं, खाली माझी सही, रवाना.

चार दिवसांनी माझ्या टेबलासमोर एक गृहस्थ येऊन उभे राहिले. शर्टावर पीठ. बिबवेवाडीत त्यांची पिठाची गिरणी होती, नाव शेलार. मागे त्यांची मुलगी सुप्रिया, कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि शांतपणे विचारलं, की कॉलेज सोडल्याचा दाखला कुठे मिळतो. मुलगी वर्षभर घरी सांगत होती की मी वर्गात पहिली आहे. आता हे पत्र. फुरसुंगीचं एक स्थळ ते इतके दिवस टाळत होते, त्या लोकांना त्यांनी रविवारी बोलावणं धाडलं होतं.

आता मी काय करायला हवं होतं? समोर निकालाचं रजिस्टर होतं. उघडून बघायचं होतं, बस. पण चार महिन्यांत केंद्रात आलेले हे पहिले पालक. माझ्यातला केंद्रप्रमुख जागा झाला. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगू लागलो की रागावू नका, असं होतं, मुली लाजेपायी घरी खरं सांगत नाहीत.

सुप्रिया म्हणाली, "सर, मी नापास नाहीये."

मी तिच्याकडे पाहून हसलो. कसं, ते आठवलं की आजही अंगावर शहारे येतात. समजूतदार हसलो. म्हणालो, "बेटा, कबूल करणं ही पहिली पायरी असते."

 तिचे डोळे भरले तरी तिनं ते पुसले नाहीत, माझ्याकडे तशीच बघत राहिली. शेलारांनी माझे आभार मानले, अगदी मनापासून, आणि तिला घेऊन गेले.

आमचं बोलणं आगाशे बाईंनी आतून ऐकलं होतं. संध्याकाळी त्या तीस वाचकांची यादी घेऊन माझ्याकडे आल्या. पहिल्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "इंगळे, ही मुलगी विद्यापीठात तिसरी आली होती. तिला आपण कुठली पायरी दाखवली म्हणता?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रियाच्या गुणपत्रिकेची प्रत घेऊन मी बिबवेवाडीला गेलो. गिरणी चालू होती. शेलारांनी पट्टा उतरवला, गिरणी थांबली आणि त्या शांततेत मी सगळं सांगितलं. त्यांनी गुणपत्रिका दोनदा वाचली. त्यांच्या भुवयांवरही पीठ होतं.

"काल तुम्ही म्हणालात, मुली खोटं बोलतात," ते म्हणाले. "आज म्हणता, ती खरं बोलत होती. मी कुठल्या इंगळे सरांचं ऐकू?"

 शेवटी गुणपत्रिकेवरच्या शिक्क्यानं काम केलं. फुरसुंगीकरांना त्यांनी नको म्हणून निरोप धाडला. मी निघालो तर सुप्रिया आतल्या दारात उभी होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "पप्पांनी तुमचं ऐकलं, सर. माझं नाही ऐकलं." आणि आत गेली.

कॉलेजात परत आलो तर बाईंचा हुकूम तयार होता. साठही घरी दुरुस्तीची पत्रं जायला हवीत, आणि हातानं लिहून. छापील पाकिटं संपली होती, म्हणून कोरी घेतली. दोन दिवस मान मोडून लिहिलं. बोटांना घट्टे पडले. प्रत्येक पाकिटावर कॉलेजचा नाव-पत्त्याचा शिक्का मारला, स्वच्छ आणि सरळ, आणि शुक्रवारी सकाळी गठ्ठा टपालात दिला. हायसं वाटलं.

ते वाटणं दुपारपर्यंतच टिकलं. दुपारी एक जीप आली. वाशीमकडून. त्यातून सहा माणसं उतरली, सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. पुढे होते वानखडे, एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. राहुल वानखडेचे वडील. हा राहुल नापासांच्या यादीत होता. अर्थात घरी गेलं होतं ते अभिनंदनाचं पत्र. वडिलांनी ते विहारात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. त्या वस्तीतून पुण्याला शिकायला आलेला हा पहिला मुलगा. सत्काराची तारीख कळेपर्यंत थांबायला कुणाला धीर नव्हता. राहुलला त्यांनी हॉस्टेलवरून सोबत आणला होता. तो सगळ्यांच्या मागे उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मी फाशीची तारीख वाचून दाखवणार असलो, तर बघेल तसा.

वानखडेंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मीही अकोल्याचा हे कळल्यावर तर सोडेचनात. मग त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"कोनत्या खुर्चीवर बसते जी माहं पोरगं? तेवढी दाखवा."

सांगा, काय करायचं? राहुल वर्षभरात एकदाही ग्रंथालयाची पायरी चढला नव्हता. मी खिडकीजवळच्या एका खुर्चीकडे बोट केलं. वानखडे गेले, खुर्चीवरून हात फिरवला आणि बसले. टेबलावर दोन्ही हात ठेवून खिडकीबाहेर बघत होते. बाकीचे पाच जण भोवती गुपचूप उभे. वाचनकक्षात बोलायचं नाही, अशी पाटी होती, ती त्यांनी येतानाच वाचली होती.

आणि दुरुस्तीचं पत्र त्याच सकाळी वाशीमला निघालं होतं.

मी राहुलला पुस्तकांच्या कपाटांमागे नेलं. त्याला सांगितलं की सोमवार-मंगळवारी पत्र घरी पोहोचेल, आणि वडील ते पुन्हा सगळ्यांसमोरच उघडतील. त्याआधी तू सांग. त्यांच्याबरोबर जीपनं जा आणि वाटेत सांग. तो म्हणाला, जमणार नाही. मी म्हटलं, मलाही आत्ता जमलं नाही, खुर्ची दाखवून बसलो, पण तुझे ते वडील आहेत. तो गेला. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभा होतो. शनिवार-रविवार मला जेवण गेलं नाही.

सोमवारी दोघं परत आले. एस.टी.नं, बाकीच्या पाच जणांशिवाय. वानखडे त्या खुर्चीकडे गेले नाहीत. सरळ माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसले, शेजारी राहुलला बसवलं. चेहरा दोन दिवसांत म्हातारा झाला होता. मी काही बोलणार, तोच शिपाई टपाल घेऊन आला आणि माझ्यापुढे दोरीनं बांधलेला एक जाडजूड गठ्ठा ठेवला. म्हणाला, "सर, आपलीच पत्रं आपल्याला आलीत."

साठच्या साठ. तो जो शिक्का मी स्वच्छ आणि सरळ मारला होता ना, तो पाकिटाच्या बरोबर मधोमध मारला होता, पत्ता लिहायच्या जागी. आणि पालकांचे पत्ते डाव्या कोपऱ्यात, पाठवणाऱ्याच्या जागी. पोस्टानं मुकाट्यानं ती कॉलेजात आणून टाकली. वाशीमला काहीच गेलं नव्हतं. कधी जाणारही नव्हतं.

राहुलनं ते पाहिलं. वरून तिसऱ्या पाकिटावर त्याच्या वडिलांचं नाव होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

वानखडेंनी हात पुढे करून ते पाकीट ओढून घेतलं.

"माहंच हाय न हे? मंग पोचलं म्हना."

फोडून त्यांनी ते सावकाश वाचलं. दोन विषय, नापास. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं लिवलं हाय, मदत करता म्हून. मंग करा."

मी खण उघडला. खणात काय असणार? चार महिन्यांत केंद्राला काही लागलंच नव्हतं. विषय विचारला तर गणित आणि प्रोग्रॅमिंग. मी मराठीचा एम. ए. शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि या दोन्ही विषयांची पुस्तकं जिच्या कार्डावर वारंवार दिसत, अशी एकच विद्यार्थिनी मला माहीत होती.

मला तोंड नव्हतं, म्हणून आगाशे बाई गेल्या. सुप्रिया हो म्हणाली. रोज तीन ते चार येईन, पण इंगळे सर तिथे नसतील तर.

उरलेली एकोणसाठ पत्रं नव्या पाकिटांत घालून, बाईंना दाखवून पुन्हा टपालात दिली. मग मी रोज तीन वाजता उठून आतल्या खोलीत जाऊन बसू लागलो, जुन्या मासिकांत. दारातलं टेबल बाईंनी आतल्या कोपऱ्यात हलवलं. राहुलच्या मागे दुसरा आला, मग तिसरी. महिन्याभरात बाकं पुरेनात. मी आतून आवाज ऐकायचो.

सगळं गोड झालं, असं समजू नका. राहुल गणितात सुटला, प्रोग्रॅमिंगमध्ये राहिला. वर्ष संपताना कॉलेज सोडून हिंजवडीत कॉम्प्युटर जोडायच्या कामाला लागला. त्याचे वडील पुन्हा पुण्याला आले नाहीत. सुप्रिया पहिलीच यायची. पण दर निकालाला शेलार गिरणी बंद करून स्वतः यायचे आणि फलकावर बोट फिरवत तिचं नाव शोधायचे. ती लांब उभी राहायची, तोंड फिरवून. ती सवय त्यांना माझ्या पत्रानं लावली. पुढची दोन वर्षं तिनं माझ्या हातून एकही पुस्तक घेतलं नाही. मैत्रिणीला पाठवायची.

वर्षाअखेरी बाईंनी ग्रंथालयाचा अहवाल लिहिला आणि टाइप करायला माझ्याकडे दिला. प्राचार्य केंद्रावर भलतेच खूश होते, यशाचं कारण सविस्तर द्या म्हणाले होते. बाईंनी ते एका वाक्यात दिलं होतं: 'केंद्रप्रमुख श्री. इंगळे यांनी दररोज तीन ते चार या वेळेत केंद्रापासून दूर राहून मोलाचे सहकार्य केले.'

मी ते टाइप केलं. छापायला देण्यापूर्वी तीनदा तपासलं. एकही चूक नव्हती.