डॉक्टरांची सायकल

डॉ. त्र्यंबक मिराशी कसे होते, हे भरमाप्पाला खरं म्हणजे ठाऊकच नव्हतं. मंगळवार पेठेत त्याच्या गुळाच्या दुकानाला लागूनच त्यांची लॅब होती. पण त्यांचं गाव कुठलं, घरी कोण कोण, हे विचारायचा धीर त्याला कधी झाला नाही. रक्त, थुंकी, कापून काढलेल्या गाठी तपासणारे हे डॉक्टर. पेशंट त्यांना ओळखतही नसत. बरे झाले की पेढे सर्जनकडे जायचे.

दुकानात बसून भरमाप्पाने एक मात्र हेरलं होतं. रोजचे रिपोर्ट शिपाई आकाराम पोचवायचा. पण गाठ वाईट निघाली, की डॉक्टर स्वतः सायकल काढायचे. गाठीचा काप लावलेली काचपट्टी खिशात घालून सर्जनला समक्ष दाखवायला जायचे. कागद टेबलावर पडून राहू नये, म्हणून.

चौऱ्याहत्तर साली भरमाप्पाच्या बायकोच्या, रुद्राणीच्या, छातीतली गाठ त्याच लॅबमध्ये आली. रिपोर्टच्या दिवशी त्याचं गिऱ्हाइकाकडे लक्ष नव्हतं. आकाराम पाकिटं घेऊन बाहेर पडला.

“आमचं हाय का रं त्यात?”

“न्हाय मालक. सायबांनी ठिवून घेतलंय.”

“का?”

“शिपायाला कोण सांगतंय व्हय!”

मागोमाग डॉक्टर सायकल घेऊन आले. भरमाप्पा उभाच राहिला. पेशंटला सांगायचं ते सर्जननं, असा त्यांचा नेम. तरी ते थांबले. “दुकान बंद करा आज,” म्हणाले. “वहिनींना एकटं ठेवू नका.”

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. रुद्राणी वाचली. भरमाप्पा गुळाची ढेप घेऊन गेला, तर डॉक्टर ओशाळले. “मी नुसतं बघितलं हो,” म्हणाले आणि ढेप आकारामच्या घरी पाठवली.

त्र्याऐंशी साली एका सकाळी डॉक्टरांनी पुन्हा सायकल काढली. ते फार वाळले होते. आता कुणाच्या घरावर पाळी, असं म्हणत भरमाप्पा दुकानाच्या पायरीवर आला. त्या दिवशी खिशात त्यांच्या स्वतःच्याच गाठीची काचपट्टी होती, हे आकारामनं नंतर सांगितलं. तोवर डॉक्टर मुंबईला गेले होते. तिथून ते परतले नाहीत.

त्या सकाळी भरमाप्पाला काहीतरी बोलायचं होतं. सुचलं ते एवढंच.

“डॉक्टर, मागच्या चाकात हवा कमी हाय की.”

“हो का? येताना भरून घेतो.”