अण्णांनी तपासलेला बोगदा

बंगळुरातल्या आमच्या मल्लेश्वरमच्या इमारतीमागे मुलांसाठी प्लास्टिकची एक घसरगुंडी होती. उन्हाने तिचा लाल रंग उडून ती तापातल्या माणसाच्या जिभेसारखी दिसायला लागली होती. एके दिवशी तिला मधोमध चीर गेली आणि माझ्या सात वर्षांच्या मुलीची लेगिंग त्या चिरेत अडकून टरकन फाटली. मुलीला खरचटलंही नाही. फाटलेली लेगिंग मात्र तिने तीन दिवस सगळ्या मजल्यांवर दाखवली.

नवी घसरगुंडी आणायचं ठरवायला असोसिएशनची सभा भरली. मी पुण्याहून इथे आलेली आर्किटेक्ट. ऑफिसात माझ्या वाट्याला येतात ती मोठ्या कंपन्यांची स्वच्छतागृहं. इतक्या वर्षांत मी काढलेल्या कुठल्याच नकाशात एक मूल खेळलं नव्हतं. त्यामुळे असेल, मी उठून म्हणाले, "परत प्लास्टिक कशाला? लाकडाचं करू. मचाण, शिडी, मचाणाखाली रांगत जायला बोगदा. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांमध्ये मशिनं येतात, त्यांची पाइनची खोकी नुसती पडून असतात. खांबांना पाडलेल्या घरांचं जुनं सागवान घेऊ. नवं झाड तोडायला नको."

असोसिएशनचे अध्यक्ष तळमजल्यावरचे अण्णा. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच गावात. त्यांची मराठी आमच्यासारखीच, फक्त मध्ये मध्ये कन्नड उगवते.

"लाकूड पावसात राहील का मा?" त्यांनी विचारलं. "वाळवी लागेल. स्वल्प विचार कर."

मी खांबांखाली दगड, फळ्यांना तेल, जमिनीपासून वीतभर अंतर असं सगळं सांगितलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. शेवटी म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण लाकूड मी बघणार."

तसे ते माझ्याबरोबर पीण्याला आलेही. कारखान्याच्या मालकाला जागा मोकळी करून हवी होती, तो म्हणाला सगळंच न्या. अण्णांना सगळं नको होतं. नारळ निवडावा तशी ते एकेक फळी बोटाने वाजवत आणि कान लावून ऐकत. दीड तासात त्यांनी अकरा फळ्या पास केल्या. शेवटी मी त्यांना चहाला नेलं आणि तेवढ्यात बरोबर आणलेल्या सुतार मिस्त्रीने टेम्पो भरून टाकला.

मिस्त्री राजस्थानचा, कमी बोलणारा. माझं त्याचं एकाच गोष्टीवरून वाजलं. त्याला खिळे ठोकायचे होते, मला सगळीकडे स्क्रू हवे होते, म्हणजे खराब झालेली फळी सुटी काढून बदलता येते. "मॅडम, बनाना है के खोलना है?" असं त्याने रोज विचारलं आणि रोज स्क्रू बसवले.

तीन आठवड्यांनी ते उभं राहिलं. मला ते फार सुंदर वाटत होतं. मुलं धावणार इतक्यात अण्णांनी हात आडवा घातला. आधी मोठ्यांनी चढून बघायचं, वजनाचा हिशेब ठेवून.

रविवारी सकाळी दहा जण मचाणावर चढले. अण्णा खाली वही घेऊन प्रत्येकाला वजन विचारत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "पंचावन्न." अण्णांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही मजबुतीची परीक्षा आहे. खरं सांगा." बाई म्हणाल्या, खरंच पंचावन्न. अण्णांनी काय लिहिलं ते वही मिटल्यामुळे कळलं नाही, पण त्या बाई पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

मचाण हललं नाही. मग अण्णा म्हणाले, "आता बोगदा."

त्यांच्या बायकोला सगळी इमारत अक्का म्हणते. अक्का शांतपणे म्हणाल्या, "स्वेटर काढून जावा."

अण्णा स्वेटरसकट शिरले. आधी डोकं गेलं, मग खांदे, मग चपला दिसेनाशा झाल्या. बोगद्याला मी मध्ये एक वळण दिलं होतं. नकाशातली माझी सगळ्यात आवडती जागा तीच. तिथे सरपटण्याचा आवाज थांबला. आम्ही वाट पाहिली.

"मा," आतून आवाज आला, "हे वळण स्वल्प कमी करता येईल का?"

"अण्णा, मागे या."

"मागचं जमत नाही."

दहा माणसं तोललेलं माझं बांधकाम आता अध्यक्षांना गिळून बसलं होतं. एवढ्यात माझी मुलगी दुसऱ्या टोकाने आत शिरली आणि त्यांच्यासमोर बसून बातम्या देऊ लागली. "आई, ते रडत नाहीयेत. नाक लाल झालंय. स्वेटर गळ्यापर्यंत आलाय." अक्का बोगद्याच्या तोंडाशी वाकून म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, स्क्रू काढायचं यंत्र उचललं आणि एका बाजूच्या सहा फळ्या चार मिनिटांत सोडवल्या. आत अण्णा भुसा लागलेल्या केसांनी बसले होते. आम्हाला वाटलं, लगेच बाहेर येतील. ते आले नाहीत. पाय लांब करून त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"इथे वारं चांगलं लागतं," ते म्हणाले. "कॉफी मिळेल?"

कॉफी त्यांनी तिथेच प्यायली आणि वहीत लिहिलं, "बांधकाम मजबूत. बोगदा अरुंद."

मी संध्याकाळी फळ्या परत बसवायला गेले, तर त्या उघड्या बाजूत मुलांनी दवाखाना थाटला होता. ती हटेनात. माझ्या नकाशात तिथे भिंत होती, आणि खोटं कशाला सांगू, मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर मचाणावर दोघं, शिडीवर कुणी नाही, आणि त्या भगदाडाशी बारा मुलं. मी मिस्त्रीला फोन करून फळ्यांच्या कडा घासून गोल करायला सांगितल्या. भिंत गेली ती गेलीच.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातून लवकर आले तेव्हा अक्का तिथे अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही शेजारी टेकले. चार वर्षांचा एक डॉक्टर पुढे आला. त्याने माझं कोपर दाबून पाहिलं, बराच विचार केला आणि तीन उड्या मारायला सांगितल्या.

मी मारल्या. अक्कांनी शेंगांची परात जरा पलीकडे सरकवली.