‘आधी’ लिहिलेला चेहरा

“असं व्हायचं नसेल तर हे रोज लावा.”

मॅडमनं भिंतीवरच्या फोटोतल्या गालावर बोट टेकवलं. वांग, सुरकुत्या, करपलेली कातडी. खाली लिहिलेलं, ‘आधी’. शेजारी गुळगुळीत गोरी बाई, ‘नंतर’.

‘आधी’ म्हणजे माझी आई.

बीडच्या त्या स्किन क्लिनिकात मी मदतनीस. वांग दाखवायला मीच आईला आणलं होतं. मॅडमनं फोटो काढले, औषध काही दिलं नाही. आई तरी खूश. “लई मायाळू हायत गं मॅडम,” म्हणाली. पुढं ती तापानं गेली. नांदूरघाटला तिचं पुण्यानुमोदन करून कामावर परतले, तर आई भिंतीवर. रोज तिच्यापुढची फरशी पुसायचे. वर बघायची हिंमत नव्हती. तिची नजर पाठीवर जाणवायची. रात्री डोळे मिटले तरी ती तिथंच.

त्या दिवशी मॅडम हे जिला सांगत होत्या, ती बाई आमच्याच गावची, शेताची मालकीण. हिच्याच कापसात आईचा जन्म गेला. तिनं फोटो ओळखला.

“ही व्हय! ह्या लोकांची कातडी जाडच आस्ती, मॅडम. ह्यांला काय ऊन लागतंय?”

मॅडमही हसल्या. मला म्हणाल्या, “व्हिटॅमिन सीचं सीरम आण. उन्हात धरू नकोस, खराब होतं.”

ऊन कातडी म्हातारी करतं, हे अँटीऑक्सिडंट ते थोपवतं, असं मॅडम प्रत्येकीला समजवायच्या. गुण जाऊ नये म्हणून बाटली गडद काचेची, तीही फ्रिजमध्ये. त्या चार थेंबांची एवढी जपणूक. आणि आई घटकाभर बाभळीखाली टेकली तरी हीच मालकीण शिव्या घालायची. माझं डोकं फिरलं.

बाटली टेबलावर आदळली.

“ही माझी आई हाय. तिला इचारलतं का तुमी?”

“तोंड सांभाळून बोल. पगार कोण देतं तुला?”

मी स्टुलावर चढले. फोटो ओढून काढला, गोरीसकट.

“लई माजलेत हे लोक,” मालकीण ओरडली.

खोलीवर आणून तो जाळला. आईचा चेहरा जळताना बघवत नव्हता. तरी बघितला.

पण मॅडमच्या मोबाइलात ती अजून आहे. उद्या दुसऱ्या भिंतीवर चढेल. सकाळी वस्तीतल्या बाया घेऊन जाणार आहे. मॅडमनं तो फोटो माझ्यासमोर मोबाइलातून पुसायचा. तोवर क्लिनिकच्या दारातून हलणार नाही.