व्हिस्कीच्या कारखान्यात झालेली शोभा

ऑफिसच्या सहलींचं एक असतं. फोटो दोन दिवसांत विसरले जातात, किस्से मात्र वाढत जातात. हडपसरच्या आमच्या ऑफिसात डिस्टिलरी टूरचे किस्से अजूनही चहाच्या वेळी निघतात. अडचण एवढीच, की त्यातला जवळजवळ प्रत्येक किस्सा माझा आहे!

*

बसमध्ये बसल्या बसल्या मी सुरू झालो. शेजारी कांबळे सर. टीममधले सगळ्यात सीनियर, शांत माणूस.

"सर, आज तरी घेणार ना?"

"नाही हो. आम्ही पंचशील पाळतो."

"मग आलात कशाला? सीट भरायला?"

सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, "तुम्ही सगळे आहात म्हणून आलो."

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं.

*

आदल्या दिवशी चार व्हिडिओ पाहून गेलो होतो. आवारात शिरताच एका भल्यामोठ्या टाकीसमोर मी लेक्चरच दिलं. "यात व्हिस्की मुरते. हात लावा, ऊब जाणवेल!"

चौघांनी हात लावले.

मागून आमची गाइड ऋतुजा म्हणाली, "सर, ही आग विझवायच्या पाण्याची टाकी आहे. ऊब उन्हाची आहे."

*

गोदामात लाकडी पिंपांच्या रांगा. ऋतुजा सांगत होती, "पिंपातली थोडी व्हिस्की दरवर्षी हवेत उडून जाते. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात."

तेवढ्यात मी तिसऱ्यांदा विचारलं, "टेस्टिंग कधी आहे?"

नारायण पेठेतल्या गोखले मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अहो ऋतुजा, देवदूत आलेत. वाटा मागतायत."

*

गोदामाच्या आधी आंबवण्याचा हॉल दाखवला होता. तिथे इतका आंबूस वास, की आम्ही सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. कांबळे सर तेवढे मोठा श्वास घेत उभे.

मी म्हणालो, "सर, वासावरच भागवताय? पंचशीलात वास चालतो वाटतं!"

या वेळी कोणी हसलं नाही.

सर म्हणाले, "माझे वडील साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर होते. साधारण असाच वास यायचा त्यांच्या कपड्यांना. आयुष्यात थेंब घेतला नाही त्यांनी. पण एसटीत लोक बाजूला सरकून बसायचे. प्यायलेला माणूस समजून."

मी रुमाल खिशात घातला. सॉरी म्हणायचं सुचलं, ते थेट दुसऱ्या दिवशी.

*

त्यानंतर तरी शहाणपण यावं ना? टेस्टिंगला प्रत्येकापुढे तीन छोटे ग्लास आले. मी माझे तीन संपवले. सरांनी हात लावला नव्हता, तेही तीन संपवले. गोखले मॅडमनी एक घोट घेऊन बाकीचं ठेवलं होतं, तेही मीच संपवलं!

ऋतुजा हसून म्हणाली, "सर, याला टेस्टिंग म्हणतात. चव कशी वाटली?"

मला एकाचीही चव सांगता आली नाही.

*

परतताना बसमध्ये मला उलटी झाली. सगळे मागच्या सीटवर पळाले. कांबळे सरांनी स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने माझं तोंड धुतलं, रिक्षा केली आणि मला घरापर्यंत आणलं. संध्याकाळचे पाच वाजले होते. सोसायटीतली मुलं खाली खेळत होती. सरांच्या खांद्यावर हात टाकून मी जिना चढलो.

बायको अजून कामावरून आली नव्हती. दार मुलीने उघडलं. सातवीत आहे ती. आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"काका, तुम्ही पण प्यायलात?"

"नाही बाळा."

"मग तुम्ही का खाली बघताय?"

वाकून सरांनी माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट दाराशी नीट लावले आणि जिना उतरून गेले.