चौदा एमएमची लेन्स आणि सतरा खुर्च्या

वहिनीने माझ्याशी बोलणं टाकलं, ते एका लेन्सपायी.

मी एकटा जीव, सरावलीच्या आमच्या चिकूवाडीत राहतो. दर दिवाळीला दादाचं सगळं खटलं बोरिवलीहून यायचं. वर्षातला तो एकच दिवस. बाकीचे दिवस मी आणि चिकू. (चिकू उलट बोलत नाहीत, पण बोलतच नाहीत.) निघताना ओटीवर फोटो व्हायचा. रीत अशी की वडीलधारी दोन्ही टोकांना, लहानसहान मध्ये. एका वर्षी दादाचा अर्धा खांदा फोटोबाहेर गेला. "पुढच्या वेळी मला बोलावूच नकोस," तो हसत म्हणाला, पण मी ते खरंच धरलं.

म्हणून माझ्या फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्याला अल्ट्रा-वाइड लेन्स घ्यायची ठरवली. वीस, सोळा की चौदा एमएम? आकडा जितका लहान, तितकी जास्त माणसं मावतात. चार महिने तलासरीमार्गे वापीला जाऊन दुकानदाराचं डोकं खाल्लं. तो गुजराती, पण माझ्या सोयीसाठी मराठीत कंटाळायचा. (सोळावर भागलं असतं हो, पण मग बोलायला कोण?) शेवटी त्याने चौदा हातात ठेवली आणि बजावलं, कडेचा माणूस ताणला जातो, कडेला कुणाला बसवू नका.

घरी सतरा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, प्रत्येकीला नाव दिलं आणि सराव केला. टोकाच्या खुर्च्या जरा फुगल्या. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून मीही मनावर घेतलं नाही.

दिवाळीला रीतीप्रमाणे दादा एका टोकाला, वहिनी दुसऱ्या. सतराच्या सतरा मावले! फोटो बघून पोरं हसून लोळली. वहिनीचा दंड हंड्याएवढा आला होता.

"भावोजी, ही मी?"

"लेन्समुळे, वहिनी."

"माझ्यासाठी चार महिने शोधून हीच आणलीत?"

पुढच्या दिवाळीला कुणी आलं नाही. मी टायमर लावून ओटीवर एकटाच उभा राहिलो. फोटोत एवढं घर, एवढी वाडी, आणि मधोमध मी चिकूच्या बीएवढा. रडू आलं, खोटं कशाला बोलू. दुकानदाराला फोन करून विचारलं, माणूस मोठा दिसायला कुठली लेन्स घेऊ?

"लेन्स राहू द्या, काका. जवळ जा."

दुसऱ्याच दिवशी चिकूची पिशवी घेऊन बोरिवली गाठली. वहिनीने दार अर्धंच उघडलं.

"कॅमेरा आणलात?"

"नाही."

"मग या आत."

एवढंच करायचं होतं, आणि मी खुळा चार महिने रुंदी मोजत बसलो होतो!