शिरोची वंशावळ

वालूरच्या सटवाजीकडे एक पांढरा कुत्रा होता. उभे कान, पाठीवर गोल वळलेली शेपटी आणि चेहऱ्यावर अंमलदाराचा भाव. दर हंगामाला सेलूच्या बाजारात कापूस खरेदीला एक जपानी साहेब येई. गावोगावचा माल बघायला तो सटवाजीचीच बैलगाडी लावी, आणि गाडीत साहेबाच्या आधी त्याचा हा कुत्रा चढून बसे. एकोणीसशे सदतीस साली साहेब कायमचा मायदेशी निघाला. सेलूच्या फलाटावर त्याने साखळी सटवाजीच्या हातात दिली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि "शिरो" एवढेच बोलला. हे कुत्र्याचे नाव की साहेबाचा निरोप, हे विचारीपर्यंत गाडी सुटली होती. सटवाजीने ते नावच धरले.

सटवाजी आणि धुरपताबाई, घरात दोघेच. मूलबाळ नव्हते. धुरपताबाई शिरोला ताकात भाकरी कुस्करून देत आणि देताना त्याच्याशी बोलत. कुणी आले की मात्र गप्प होऊन त्या चुलीकडे बघत.

हे असेच चालले असते, पण आबासाहेब देशमुखांना दर दोन वर्षांनी गावाची उन्नती करण्याची उबळ येई. एकदा त्यांनी रेशमाचे किडे आणले. ते उन्हाळ्यात मेले. मग बॅडमिंटनचे जाळे आणले. ते कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावले. आता ते हैदराबादेत कुत्र्यांचे प्रदर्शन बघून आले होते. जपानात म्हणे जातिवंत कुत्र्यांची पिढ्यान् पिढ्यांची नोंद ठेवतात. ज्या वालुरात माणसाच्या जन्माची नोंद पाटलाला आठवली तर होई, तिथे लाल कापडात बांधलेली कुत्र्यांची नोंदवही आली. 'जपानी श्वान मंडळ, वालूर' स्थापन झाले. अध्यक्ष आबासाहेब, चिटणीस आबासाहेब, आणि बहुमतही त्यांचेच.

परभणीच्या नुमाइशीत, म्हणजे निजाम सरकारच्या प्रदर्शनात, त्या साली कुत्र्यांचाही मेळा होता. जपानी जातीसाठी वेगळा कप ठेवायची नुमाइशवाल्यांची तयारी होती, पण कुत्री निदान तीन हवीत. आबासाहेब गावोगाव फिरून लोकांना उत्तेजन देऊ लागले. शेपटी वळलेली असली की त्यांच्या लेखी कुत्रा जपानी. देवगाव फाट्याच्या किशनरावांचा राखणीचा कुत्रा असा एका सकाळीत जपानी झाला. झरीचा एक झाला. मग आबासाहेब सटवाजीकडे आले.

"सटवा, शिरोची नोंद माझ्या नावानं करू. नुमाइशीत मालक जरा इभ्रतीचा लागतो."

"अन् नुमाइश झाल्यावर, सरकार?"

"झाल्यावर आमच्याकडंच राहील. तुझ्याकडं भाकरी खाऊन जातिवंत जनावर बिघडायलंय."

देशमुखांचा कापूस वाहून सटवाजीचे घर चाले, आणि आजवर त्याने देशमुखांना कशालाही नकार दिला नव्हता. आतून धुरपताबाईंच्या हातून तांब्या पडल्याचा आवाज आला. तांब्या सहसा त्यांच्या हातून पडत नसे.

नुमाइशीचा उर्दू फॉर्म आला आणि आबासाहेब अडले. त्यात कुत्र्याच्या तीन पिढ्या मागितल्या होत्या. पिढ्यांचे काम वालुरात एकाच माणसाचे, बन्सीधर भाटाचे. सुगी झाली की तो पोथ्या घेऊन येई आणि दारोदार प्रत्येक घराचे पूर्वज वाचून दाखवी. आबासाहेबांनी त्याला शिरोची वंशावळ लिहायला बसवले.

"भाट हवेत नाव लिहीत न्हाई," बन्सीधर म्हणाला. "घर सांगा. कोन्या घरचा?"

"आमच्या घरचा लिही."

"लिहितो. पर पुढल्या साली तुमच्या दारात चारचौघांत वाचताना म्या काय म्हनू? देशमुखाचा आजा, देशमुखाचा बाप, अन् खाली कुत्रं?"

आबासाहेबांनी घाईने पोथीवर हात ठेवला. "आमच्यात नको! ज्याची भाकरी खातो, त्याच्यात घाल."

मग बन्सीधरने सटवाजीचे पान काढले. व्यंकाजी, त्याचा लिंबाजी, त्याचा सटवाजी, आणि खाली कोरा कागद. हे पान तो दरसाल जरा घाईनेच उलटत असे. या वेळी त्याने बोरू बुडवला आणि सावकाश लिहिले: शिरो. धुरपताबाईंनी त्याच्या झोळीत ज्वारी घातली, ती सूप भरून.

देशमुखांच्या कारकुनाने पोथीवरून फॉर्म जसाच्या तसा भरला आणि मालकाच्या रकान्यात देशमुखांचे नाव घातले. आबासाहेबांना उर्दू उत्तम येई, तरी त्यांनी न वाचता सही केली. वजनदार माणसाने मजकूर वाचायचा नसतो, असा त्यांचा समज होता.

परभणीत परीक्षक म्हणून जनावरांचे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी मोठ्याने वाचले, "शिरो, वल्द सटवाजी, वल्द लिंबाजी, वल्द व्यंकाजी. मालिक, आबासाहेब देशमुख." त्यांनी चष्मा काढला. "ये सटवाजी कौन है?"

सटवाजी साखळी धरून पुढे झाला.

"बाप जिंदा है, तो मालिक दूसरा कैसे?"

लोक हसले, डॉक्टर हसले नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कागदावर लिहिलेले कधीच खोटे मानले नव्हते, ते आता कुत्र्यासाठी कशाला मानतील? बापाने लिहून द्यावे, मग मालक बदलेल, असे त्यांनी सांगितले. नुमाइशीच्या कारकुनाने कागद केला आणि शाईची डबी उघडली.

"लाव अंगठा, सटवा. उशीर व्हायलाय," आबासाहेब म्हणाले.

सटवाजीने अंगठ्याकडे पाहिले आणि मूठ मिटली.

"न्हाई."

"काय म्हणलास?"

"न्हाई म्हनलो, सरकार. सरकारी कागदावर लेकरू हाय माझं. लेकरू कसं लिहून देऊ?"

लोक आणखीच हसले. सटवाजीचे कान लाल झाले, पण मूठ उघडली नाही. डॉक्टरांनी शेरा मारला, "वालिद रजामंद नहीं," म्हणजे बाप राजी नाही, आणि शिरोला मेळ्यातून बाद केले. कागदावर तीन कुत्र्यांची नोंद झालीच होती, म्हणून जपानी जातीचा कप झरीच्या कुत्र्याला मिळाला. त्याची शेपटी काळ्या दोऱ्याने बांधून गोल केली होती. त्याच्या सत्काराला आबासाहेब जपानच्या शिस्तीवर अर्धा तास बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सटवाजीची गाडी दारात आली. गाडीत शिरो बघून धुरपताबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"आवो, ह्याला ठिवला न्हाई का देशमुखानं?"

"म्या दिला न्हाई."

"तुमी?"

"हं."

"मग त्याचा कापूस?"

"गेला. दुसरी गाडी सांगितली त्यानं."

पाय धुवायला धुरपताबाईंनी पाण्याची घागर बाहेर आणली. सटवाजीने पायातल्या वहाणा काढून पाय पुढे केले, पण धुरपताबाई आधी शिरोचे पाय धुवायला बसल्या.